हरकत लेखी नोंदवा



गावालगत नवी वसाहत उभारण्यासाठी शासन जमीन संपादन करू लागले की आपल्यातील भूमिहीन म्हणतात, "आमची जमीनच नाही, आम्हांस कोण पुसतो?" हा समज चुकीचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये ज्याची मुख्य उपजीविका बुडण्याचा संभव आहे, अथवा त्या जमिनीतील वाटेवर ज्याचा वहिवाटीचा हक्क आहे, तोही हितसंबंधित होय. प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि सुनावणीस स्वतः अथवा वकिलामार्फत हजर राहा. १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा घेऊन आपल्या समाजाने लाचारी टाकली. आता विनवणी नको, हक्काची मागणी हवी.

जय भीम!