एकंदर छाप

(सोनगीर इथं वस्तीतल्या पोरांच्या कबड्डी सामन्यांनंतर केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय.)



बक्षिसं वाटायला मला बोलावलंत, ही गंमतच आहे. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. मधल्या वेळात कविता करतो. दोन कविता म्हणून खाली बसणार होतो, पण मघाशी तुमच्यातला एक जण कानाशी लागला, "दादा, कॉलेजवाला मले टीममा लेतीन का?" त्याला एकट्याला उत्तर देऊन भागणार नाही. सगळ्यांसमोर देतो.

मीपण याच मातीत खेळलो. चढाईला जायचो. दहावी झाल्यावर एका कॉलेजात खेळाच्या कोट्यातून पोरं घेणार म्हणून कळलं. नाव घेत नाही, ते एकट्याचं पाप नाही. गेलो. चाळीसेक पोरं. सरांच्या हातात छापील कागद, त्यावर सहा रकाने. वजन, दम, चढाई, पकड, चपळाई. पहिल्या पाच रकान्यांत मी सगळ्यांत वर. हे मी फुशारकीनं सांगत नाही, कागद मी डोळ्यांनी बघितला. मग सरांनी विचारलं, "आडनाव काय? गावात राहतो का गावाबाहेर?" मी सांगितलं. सहावा रकाना तेवढा कोरा होता. वर लिहिलं होतं 'एकंदर छाप'. तिथं सरांनी दहापैकी दोन टाकले.

बेरीज बरोबर होती हां. बेरजेत कुणी चोरी केली नाही. माझ्या खालच्या पोराला जागा मिळाली आणि मी मुंबईची गाडी पकडली.

आजोबांना सांगितलं. त्यांचा जन्म बैलबाजारात दलालामागं दोर धरून गेला. ते म्हणाले, "बजारमा ढोरेसना दात दखतस. तुन्हं काय दखं त्यासनी?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

गोदीत उत्तर सापडलं. सकाळी गेटावर मुकादम उभा असतो. तो खांदे बघतो, पंजे बघतो, काल किती उचललं ते त्याच्या ध्यानात असतं. तू दोन माणसांचा माल उचलतोस हे तो चारचौघांत बोलून दाखवतो. पण टोळीचा मुकादम कोण होणार, हे खांद्यांवर ठरत नाही. ते दुसरीकडं ठरतं, चहा पिताना.

आता तुम्ही म्हणाल ही आपल्याकडचीच रड आहे. नाही. ज्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडं बघून इथं १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे अब्जावधींचा धंदा आहे. तिथं शाळेत शिकणाऱ्या पोरांना तारे देतात. हा दोन ताऱ्यांचा, तो पाच ताऱ्यांचा. पाच तारेवाल्याच्या दारात कॉलेजचे प्रशिक्षक रांग लावतात. मैदानावर निम्म्याच्या आसपास पोरं काळी. स्टेडियम भरायचं त्यांच्या जिवावर आणि पोरांच्या हातात शिष्यवृत्ती. स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवायची परवानगी त्यांना २०२१ साली मिळाली, आणि कॉलेजांनी सरळ पैसे द्यायला सुरुवात केली २०२५ मध्ये. बरं, ते तारे तरी खरे का? टॉम ब्रॅडी नावाचा गोरा खेळाडू २००० सालच्या निवडीत १९९वा उचलला गेला. पुढं त्यानं सात अजिंक्यपदं जिंकली. १९८ जण त्याच्याआधी घेतले होते! मोजणाऱ्यांनी त्याची उंची मोजली, धाव मोजली. तो गोरा होता म्हणून निदान १९९वा तरी लागला, असं माझं मत. तुम्ही वाद घाला.

पण खरी गोष्ट आपल्या घरातली आहे. पालवणकर बाळू. किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा... चार. बरं.

चांभाराचा पोरगा, जन्म १८७६. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचा, जाळी लावायचा. ग्रेग नावाचा साहेब त्याच्याकडून सरावाला चेंडू टाकून घ्यायचा. सांगतात, बाद केलं की साहेब आठ आणे द्यायचा. हा बाळूचा पहिला भाव. बॅट मात्र त्या जाळीत त्याच्या हातात कधी दिली नाही म्हणतात.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूला घ्यावं की नाही यावर खल झाला, आणि घेतला. मैदानात त्यानं हाताळलेला चेंडू सगळे झेलायचे. चहाच्या वेळी त्याला मातीचं भांडं, तंबूच्या बाहेर. म्हंजे चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता! १९०६ साली मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा बाळू संघात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या संघातून तो इंग्लंडला गेला आणि ११४ बळी घेऊन आला. आकडा बघा, ११४. हा आकडा कुणाच्या बापाला खोडता आला नाही. म्हणून मी आकड्यांना शिव्या घालत नाही. आपल्या माणसाला सगळे खोटं पाडतात, तेव्हा आकडा एकटा साक्षीला उभा राहतो.

पण कप्तानी? तिथं सहावा रकाना आला. वर्षं गेली, बाळूला कप्तान केलं नाही. १९२० साली तर कप्तान पै आजारी पडले, तर कप्तानी देवधरांकडं गेली आणि बाळूला संघातूनच काढला. तेव्हा त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल म्हणाले, आम्हीपण खेळणार नाही. दोघांशिवाय संघ लंगडा. मग धावपळ झाली, सभा झाल्या, बाळूला उपकप्तान म्हणून परत आणला. आणि १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. ११४ बळींनी जे झालं नाही, ते दोन भावांनी बॅट खाली ठेवल्यावर झालं.

इथं थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. थांबत नाही. तरुण भीमरावांना या बाळूचा अभिमान होता. पण १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं कुणाला उभा केला? बाळूला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस रागात होतो. गोदीतल्या एका म्हाताऱ्याला बोललो, तर तो म्हणाला, "अरे, भरतीच झाली की त्याची." बरोबर होतं त्याचं. मैदानावर कमावलेलं नाव दुसऱ्या कुणीतरी मोजलं, त्याची किंमत ठरवली आणि आपल्याच माणसाविरुद्ध वापरलं. बाळूला मी गद्दार म्हणत नाही. पण ती ११,२२५ मतं मला ११४ बळींइतकीच पाठ आहेत.

आता तुमचं. कबड्डीची लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०२३ साली पवन सेहरावत, २ कोटी साडेसाठ लाख. अ, ब, क, ड अशा वर्गवाऱ्या लावून बोली होते. मी नाकं मुरडणार नाही. गरिबाच्या पोराला चढाईचे पैसे मिळतायत, मिळू द्या. पण या सोनगीरच्या पोरांना तरी मी सांगायला नको की तांब्या-पितळेचं भांडं कसं विकतात. नवं घेताना वजन अधिक घडणावळ. मोडीत घालताना नुसतं वजन. तांबटानं हजार ठोके मारलेले असतात, ते मोडीत धरत नाहीत. ज्या दिवशी गुडघा जातो त्या दिवशी खेळाडू मोडीत.

तेव्हा बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घेतील. पाच रकाने तू भर, दाबून भर, आणि कागद हातात घेऊन बघ, फोटो काढ. सहावा रकाना दिसला तर विचार की हे कशावरून मोजता. एकटा जाऊ नको. दोन भाऊ घेऊन जा.

आणि एक भांडण तुमच्याशीपण आहे. आजची तुमची गुणांची वही मी चाळली. चढाईवाल्यांची नावं ठसठशीत. पकडीचे गुण मात्र नुसते संघाच्या नावावर, पकड कुणाची ते लिहिलेलंच नाही. शेवटच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यातल्या एका काटकुळ्या पोरानं तीनदा घोटा धरला, तिसऱ्यांदा तर तोंडात माती गेली तरी सोडला नाही. बक्षिसांच्या यादीत तो नाही. कुठाय तो? ए, वहीवाल्या, त्याचं नाव काय?