प्रवासगाडीतील रिले

जर्मनीतील फोक्सवॅगन गाडीत बिछाना, कपाटे आणि जेवणाचे मेज बसवून तिचे फिरते घर करण्याचे काम वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ साली सुरू केले. अशा जुन्या गाड्या हौशी मंडळी आजही जिवापाड जपतात. परंतु एखादी सकाळ अशी उजाडते की, किल्ली फिरविली तरी इंजिन हूं की चूं करीत नाही. रात्री आतले दिवे जळले, शीतपेटी चालली, हे खरे. पण गाडीत बॅटऱ्या तर दोन होत्या. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरच्या वापरासाठी. मग एकीच्या खर्चापायी दुसरी रिकामी का व्हावी? याचे उत्तर पुष्कळदा काड्यापेटीएवढ्या एका डबीत सापडते. त्या डबीला रिले म्हणतात.

हा शब्द मूळचा घोड्यांच्या प्रवासातला. थकलेला घोडा सोडून वाटेतील ठाण्यावर ताज्या दमाचा घोडा घ्यावयाचा, ही ती रीत. आपल्याकडील डाकचौकी ती हीच. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राने ही युक्ती विजेला लागू केली. दुरून आलेला क्षीण प्रवाह विद्युत्चुंबकाला तेवढा जागा करी. पुढची मजल स्थानिक बॅटरीचा ताजा प्रवाह मारी.

गाडीतील रिलेमध्येही दोन वेगळे मार्ग असतात. एक आज्ञेचा, दुसरा कामाचा. जर्मन प्रमाणपद्धतीत ८५ आणि ८६ ही चुंबकाच्या वेटोळ्याची टोके होत. ३० आणि ८७ ही कामाच्या मार्गाची. बारा व्होल्टच्या रिलेत वेटोळ्याला साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह पुरतो. पण त्याच्या हुकुमाने ३० ते ४० अँपिअरची वाट उघडते. हे दोन मार्ग मनात निराळे ठेवले की, तारांचे जंजाळ आपोआप सुटू लागते.

दोन बॅटऱ्यांच्या जोडणीत ३० क्रमांकाला इंजिनाची बॅटरी आणि ८७ ला घरची बॅटरी जोडतात. ८५ ची तार गाडीच्या लोखंडी अंगाला जाते. ८६ ची तार चार्जिंगचा इशारा देणाऱ्या दिव्याच्या तारेला, म्हणजे ६१ क्रमांकाला मिळते. इंजिन चालून वीज निर्माण होऊ लागली की तेथे दाब येतो, रिले ओढला जातो आणि दोन्ही बॅटऱ्या भरू लागतात. इंजिन थांबले की स्प्रिंग जोड सोडविते. रात्री घरच्या बॅटरीतून कितीही वीज खर्च झाली, तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहते.

बिघाड होतो तो येथे. घरची बॅटरी अगदी रिकामी असली, तर इंजिन सुरू होताच तिच्याकडे प्रवाहाचा लोंढा वाहतो. रिले दुबळा असेल, तर ठिणगीने त्याचे जोडबिंदू एकमेकांस चिकटून बसतात. मग आज्ञा संपली तरी दार मिटत नाही. बिचारा मालक बॅटरीला दोष देऊन नवी विकत घेतो, आणि आठवड्याने पुन्हा तीच सकाळ!

परीक्षा सोपी आहे. इंजिन थांबवून घरचे दिवे लावावेत आणि इंजिनाच्या बॅटरीवर व्होल्टमीटर धरावा. तिचा दाब १२.६ च्या आसपास स्थिर राहिला तर ठीक. तोही घरच्या बॅटरीबरोबर उतरू लागला, तर रिले त्याच्या बैठकीतून काढावा. उतार थांबला की दोष रिलेचा. न थांबला तर कुणीतरी दोन्ही बॅटऱ्या अन्य तारेने जोडून ठेवल्या आहेत, असे समजावे.

नवा रिले घेताना गाडीचे व्होल्ट पाहावेत. या गाड्यांत १९६६ च्या मॉडेलपर्यंत सहा आणि १९६७ च्या मॉडेलपासून बारा व्होल्टची व्यवस्था आहे. आणखी एक गोष्ट कधीही विसरू नये. जोडतारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी असल्यामुळे प्रत्येक बॅटरीपाशी एक, असे दोन फ्यूज हवेत. एकच फ्यूज असेल आणि मध्ये तार घासून उघडी पडली, तर दुसऱ्या बाजूचा प्रवाह तिला लाल होईपर्यंत तापवितो. आणि लाकडी कपाटे, कापडी पडदे व निजलेली मुले त्याच गाडीत असतात. दोन फ्यूजांचा खर्च यापुढे काहीच नव्हे.