टपालात मुरत नाही असे औषध

आबिड्सच्या मोठ्या टपाल कचेरीत एखादे पत्र आठ दिवस पडून राहिले, तर ज्याचे त्याचा जीव कासावीस होईल. पण पत्रातील मजकूर काही निम्मा होणार नाही. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ मात्र आठ दिवसांत निम्मे उरते, सोळा दिवसांत पाव. या काळास अर्धायुष्य म्हणतात. बर्फात ठेवून ते वाढत नाही.

हे आयोडीन मुंबईस ट्रॉम्बे येथील अणुभट्टीत जन्मास येते. टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला म्हणजे त्याचा काही अंश आयोडीनमध्ये पालटतो. गळ्यातील अवटुग्रंथी आयोडीन ओढून घेते; साधे कोणते व किरणोत्सर्गी कोणते, हा भेद तिला कळत नाही. म्हणूनच या ग्रंथीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या पेशींपर्यंत औषध आपोआप पोहोचते. भट्टी मुंबईस आणि रुग्ण हैदराबादेस असला, की मधला प्रत्येक दिवस मात्रेतून वजा होतो.

टेक्नीशियमची तर याहून घाई. त्याचे अर्धायुष्य अवघे सहा तास! म्हणून त्याचा जनक मॉलिब्डेनम, जो ६६ तासांत निम्मा होतो, तोच रुग्णालयात धाडतात, आणि त्यातून मिठाचे पाणी सोडून रोज टेक्नीशियम काढून घेतात. तंत्रज्ञ या उपकरणास गमतीने ‘गाय’ म्हणतात. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी वर्षाहून अधिक काळ बंद पडली, तेव्हा देशोदेशींच्या रुग्णांच्या तपासण्या लांबणीवर पडल्या. अणुशक्तीच्या सामर्थ्याचे गोडवे आपण पुष्कळ गातो. मला तिचे वेळापत्रक अधिक महत्त्वाचे वाटते.

कारखान्यांची निकड इतकी नाही. पोलादी नळांचे सांधे तपासणारे इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवस, तर कोबाल्ट-६० पाच वर्षांहून अधिक काळ निम्मे होत नाही.

आपल्या शहराचा या विद्येशी संबंध केवळ रुग्णालयापुरता नाही. हबसीगुड्याच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ च्या सुमारास डीएनए-ठशांची पद्धत सिद्ध केली, तीत किरणोत्सर्गी फॉस्फरसने खूण केलेला धागा क्ष-किरणांच्या फिल्मवर काळ्या रेघा उमटवी. त्यांवरून पितृत्वाचे वाद सुटू लागले. हा फॉस्फरस-३२ गंधकापासून अणुभट्टीत होतो आणि चौदा दिवसांत निम्मा होतो. त्याच केंद्राच्या आवारात ‘जोनाकी’ ही प्रयोगशाळा उभी राहिली व संशोधकांना लागणारी फॉस्फरसयुक्त द्रव्ये तेथेच तयार होऊ लागली. जोनाकी म्हणजे बंगालीत काजवा.