काय पाठवायचं नाही?



परिषदेसाठी आलेले निबंध मी वाचले. बहुतेकांनी सेवेचा दर्जा आणि ऊर्जाबचत यांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवलं आहे: एक वर गेलं की दुसरं खाली. मला हे पटत नाही. कॅमेरे आणि मायक्रोफोन लावलेल्या बिनतारी संवेदक जाळ्यात हे दोन प्रश्न निराळे नाहीतच. काय पाठवायचं नाही हे नोडला ठरवता आलं, की दोन्ही बऱ्याच अंशी सुटतात.

साधा हिशेब करू. ३२० बाय २४० ठिपक्यांचं एक कृष्णधवल चित्र म्हणजे ७६,८०० बाइट. आयईईई ८०२.१५.४ या मानकाची एक चौकट जास्तीत जास्त १२७ बाइटांची. शीर्षकं वगैरे वजा जाता शंभरेक उरतात. म्हणजे एका चित्राची साडेसातशेहून जास्त पॅकेटं. नोडकडून नोडकडे जाताना दर टप्प्यावर शंभरातलं एकच हरवलं, तरी दहा टप्प्यांत जवळपास दहा टक्के गायब! पुन्हा पाठवावीत तर बॅटरी जाते आणि उशीर होतो. सोडून द्यावीत तर चित्राला भोकं पडतात. व्हिडिओची गत आणखी वाईट: एक मूळ फ्रेम गेली, की तिच्यावर बेतलेल्या पुढच्या फ्रेमा आणि त्यांवर खर्चलेली वीज, सगळंच वाया.

आता इक्वेडोरमधल्या रेव्हेंटाडोर ज्वालामुखीकडे या. ऑगस्ट २००५मध्ये हार्वर्डच्या मॅट वेल्श यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथे १६ नोड लावले. त्यांवर भूकंपमापक होते आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा गडगडाट टिपणारे मायक्रोफोन. सेकंदाला शंभर नमुने घेतले जात. हा सारा प्रवाह वेधशाळेतल्या तळापर्यंत अखंड वाहून नेणं त्या रेडिओंना झेपणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक नोड नोंदी स्वतःच्याच फ्लॅश स्मृतीत ठेवी, जागा संपली की जुन्यांवर नव्या लिही, आणि काही हललं तरच तळाला छोटा निरोप धाडी. पुरेशा नोडांचे निरोप एकाच सुमारास आले, तरच तळ शेवटच्या मिनिटभराची नोंद मागवी, तीही एकेका नोडकडून, सावकाश. भूगर्भशास्त्रज्ञांना नोंद तत्क्षणी नको होती. सलग आणि अचूक वेळेनिशी हवी होती. दर्जा म्हणजे काय हे आधी त्यांना विचारलं, म्हणून ऊर्जेचाही मार्ग सापडला. १९ दिवसांत २३० घटना हाती आल्या.

अडचणी कुठे आल्या, हेही ऐका. नोडांमधला प्रोग्रॅम दुरून बदलताना झालेल्या बिघाडाने जाळं सुमारे तीन दिवस बंद पडलं. शिवाय वेधशाळेतल्या तळाची वीज अधूनमधून जाई. आपल्या निबंधांत मात्र तळाची वीज कधीच जात नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. सीसी२४२० हा आपल्या प्रयोगशाळांना परिचित रेडिओ पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेतो, आणि नुसता ऐकत बसला तरी १८.८. म्हणजे २,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी कोणी एक अक्षर न बोलताही साडेपाच दिवसांत संपते. एस-मॅक, बी-मॅक, एक्स-मॅक या प्रोटोकॉलांनी रेडिओला झोपवण्याची एवढी खटपट केली ती यासाठीच. तरीही आपण संगणकावरच्या अनुरूपणात पाठवलेले बिटच मोजतो आणि नोडची सुरुवातीची ऊर्जा दोन ज्यूल धरतो! हा आकडा हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांच्या लीच प्रोटोकॉलवरच्या २००२च्या निबंधातून उतरत आला आहे. प्रोटोकॉलांची आपसांत तुलना करण्यापुरता तो ठीक होता. पण दोन साध्या अल्कलाइन सेलांत वीस हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. मग 'जाळ्याचं आयुष्य चाळीस टक्क्यांनी वाढलं' या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा?

अनुरूपण करू नका, असं मी म्हणत नाही. शंभर नोड विकत घ्यायला आपल्याकडे पैसे कुठे आहेत? पण दोन नोड आणि एक अमीटर कुठल्याही महाविद्यालयाला परवडतो. म्हणून चर्चेत मी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारणार आहे. तुमचा नोड प्रत्यक्षात किती प्रवाह घेतो, हे मोजलंत का? आणि तुम्ही पाठवलेलं चित्र शेवटी कोण पाहणार आहे, व त्याला ते किती जुनं चालेल? पहिल्या सत्राचे वक्ते समोरच्या रांगेत बसलेले दिसतात. त्यांनी तयारीत राहावं.