कंपनीचा तोटा आणि कास्तकाराचा तोटा
(चंद्रपूर-गडचिरोली जिल्हा बैठकीतील भाषण)



“शेतकऱ्याला आयकर नाही, मग त्याची ओरड कशाची?” हा टोमणा आपण सगळ्यांनी ऐकला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर कंपन्यांच्या वहीत एकदा डोकवावे लागेल. विषय रुक्ष आहे, पण तो आपल्या पऱ्हाटीपर्यंत येऊन पोचतो.

कंपनीला धंद्यात तोटा आला तर तो आधी दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. तरी उरला तर पुढची आठ वर्षे ओढता येतो. ज्या वर्षी नफा होईल त्या वर्षी तो वजा करायचा आणि तेवढ्यावर कर भरायचा नाही.

मात्र सरकार एक प्रश्न विचारते : हा तोटा धंद्यातला की सट्ट्यातला? माल किंवा शेअर हातात न घेता, न देता, नुसत्या भावाच्या फरकावर सौदा मिटवला तर तो सट्टा. सट्ट्यातला तोटा फक्त सट्ट्यातल्याच नफ्यातून वजा होतो, आणि तोही चारच वर्षे पुढे नेता येतो.

कंपन्यांसाठी आणखी एक कुंपण आहे. मोठे उद्योगसमूह आपल्याच कंपन्यांमध्ये शेअर फिरवून तोटा दाखवीत आणि कर वाचवीत. म्हणून १९७५ साली कायदा दुरुस्त झाला आणि १९७७ पासून नियम आला, की कंपनीने शेअरच्या खरेदी-विक्रीचा धंदा केला तर शेअर प्रत्यक्ष घेतले असले तरी तो सट्टाच धरायचा. बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि मुख्यतः भाडे-व्याजावर चालणाऱ्या कंपन्या यातून सुटल्या. पुढे १ एप्रिल २०१५ पासून शेअरचा व्यापार हाच मुख्य धंदा असलेल्या कंपन्याही सुटल्या. त्याआधी २००५ च्या अर्थकायद्याने मान्यताप्राप्त शेअरबाजारातले वायदे सट्ट्यातून बाहेर काढले होते.

म्हणजे गंमत पाहा. शेअर घरात आणला तर सट्टा, आणि नुसता वायदा केला तर धंदा! कलकत्त्याच्या स्नोटेक्स इन्व्हेस्टमेंट या कंपनीला याचाच फटका बसला. तिला वायद्यात नफा होता आणि शेअरमध्ये तोटा. हा तोटा त्या नफ्यातून वजा करा, असे तिचे म्हणणे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले : तोटा सट्ट्याचा, नफा धंद्याचा, आणि २०१५ ची सवलत मागच्या वर्षांना लागू नाही. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला, त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची. सट्टा आणि धंदा ही विभागणी त्यातही राहिली आहे.

आता कापसाकडे या. जिनिंगवाला आपला कापूस घेतो. भाव पडेल ही धास्ती त्यालाही असते. म्हणून तो वायदेबाजारात तेवढ्याच गाठी विकून ठेवतो. भाव चढला तर वायद्यात तोटा, पण गोदामातल्या मालावर नफा. आपल्या मालाचा धोका झाकण्यासाठी केलेला असा सौदा सट्टा धरायचा नाही, हे १९६१ च्या कायद्यातच लिहिले होते. २०१८ च्या अर्थकायद्याने मान्यताप्राप्त बाजारातले शेतमालाचे इतर वायदेही सट्ट्यातून सोडवले.

आमची याला हरकत नाही. धोका झाकणे हा व्यापार आहे. आमचे विचारणे एवढेच, की कापूस पेरल्यापासून वेचेपर्यंत भावाचा सगळा धोका ज्याच्या डोक्यावर असतो, त्याच्या तोट्याची नोंद कोणत्या वहीत होते?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की शेतीतला तोटाही दुसऱ्या धंद्याच्या किंवा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. वरोऱ्याच्या कास्तकाराचे किराणा दुकान असेल तर दुकानाच्या नफ्यावर नियमाप्रमाणे कर. त्याच वर्षी शेतात लाख रुपये बुडाले ते कोणी विचारायचे नाहीत. रानडुकरांनी ज्वारी आडवी केली तर पंचनामा तरी होतो. पैसेवारी ५० च्या आत आली तर कर्जाच्या पुनर्गठनाची गोष्ट तरी निघते. पण पैसेवारी मोजते ते पीक, भाव नव्हे. बोंडे चांगली फुटली आणि भाव पडला, तर सरकारी कागदावर ते वर्ष सुकाळाचे!

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. राजुरा, कोरपना, चामोर्शी, जिथे कुठे आपण उत्पादक कंपनी काढू, ती कायद्याने कंपनीच आहे. हे सगळे नियम तिलाही लागू. म्हणून वार्षिक सभेत संचालकांना विचारा : वायदा केला तो आपल्या गोदामातल्या मालाएवढाच का? सभासदांचा पैसा शेअरच्या खरेदी-विक्रीत घातला का? घातला आणि बुडाला, तर कापसाच्या नफ्यातून तो वजा होणार नाही. तोटा सोसून वर कापसाच्या नफ्यावरचा कर भरावा लागेल. आणि विवरणपत्र मुदतीत भरले का? मुदत चुकली तर धंद्यातला तोटाही पुढे ओढता येत नाही.

आमची मागणी साधी आहे. आम्हाला खैरात नको. भाव पडल्याचा तोटा तोटा म्हणून मोजा, आणि कंपनीला जशी आठ वर्षांची सवड देता तशी सवड आमच्या पीककर्जाला द्या. ज्या वर्षी चार पैसे उरतील त्या वर्षी आम्ही फेडू.

यापुढे कोणी आयकराचा टोमणा मारला तर त्याला सांगा : आमच्या नफ्यावर कर नाही, कारण आमचा तोटा तुमच्या हिशोबातच नाही.