सदसद्विवेकबुद्धी उसनी मिळत नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी जालन्याकडच्या ख्रिस्ती घरातली. समाजकार्याची पदवी घेऊन वस्तीत काम करू लागले, तेव्हा वाटायचं, धर्म घरी ठेवून यायचा. तो घरी राहत नाही, हे बायकांनीच शिकवलं.

आमच्या गटातल्या एका ख्रिस्ती बाईला शेजारणीने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. ही विधवा. म्हणजे शेजारणीने स्वतःच्या घरची रूढी मोडली होती. हिच्या नवऱ्याच्या आजारपणात तिनेच सोबत रात्री जागवल्या होत्या. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, "जाऊ नको, तुला पाहून दुसऱ्या अडखळतील." मी म्हणाले, "जा, आणि कुंकूही लाव. विधवेनं कुंकू लावणं हेच बंड!" ती म्हणाली, "ताई, त्यांचं ऐकून घरी बसले काय आणि तुमचं ऐकून कुंकू लावलं काय, दोन्हीकडे दुसऱ्याचंच ऐकलं की!"

मी गप्प झाले. घरी येऊन बायबल काढलं. करिंथ शहरात असाच पेच होता. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का? करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो, की मूर्तीत काही नाही, तेव्हा मोकळीक आहे. कुणी जेवायला बोलावलं तर चौकश्या न करता वाढलेलं खा. पण तुमच्या खाण्याने दुबळ्या मनाचा माणूस स्वतःच्या बुद्धीविरुद्ध वागणार असेल, तर आवरा. मोकळिकीला ही मर्यादा प्रेमाची आहे, लोकलज्जेची नाही. आपल्याकडे मात्र 'दुसरा अडखळेल' हे बहुधा बाईलाच ऐकवतात. नवरा पिऊन मारतो तेव्हा कोण अडखळतं, हे कुणी विचारत नाही.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण त्या शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, असं त्यांनी ज्या सिस्टरांनी आधार दिला त्यांनाच विचारलं. 1889 मध्ये शारदा सदन काढलं तेव्हा तिथल्या हिंदू मुलींना त्यांचे जातीचे, खाण्यापिण्याचे नियम पाळू दिले. स्वतःची प्रार्थना मात्र दार लावून केली नाही. त्यावरून 1893 मध्ये वादळ झालं, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मिशनऱ्यांचा रोष आणि पुण्याचा रोष, दोन्ही बाईंनी सोसले. मन मोकळं ठेवायचं तर किंमत पडते.

आमची बाई हळदीकुंकवाला गेली. शेजारणीला म्हणाली, "कुंकू नको, ते माझ्या मनाला पटत नाही. तिळगूळ दे, तुझ्या हातचा." शेजारणीने तिळगूळ दिला, हळदकुंकवाऐवजी ओटीतले गहू-हरभरे पदरात घातले. पुढच्या रविवारी महिला प्रार्थनेत वचन वाचायची हिची पाळी दुसरीला दिली गेली. अजून ती परत मिळालेली नाही. ती दर रविवारी जाते, पुढच्या बाकावर बसते.

तिच्या पाळीसाठी मी पाळकांशी बोलणार होते. तिने थांबवलं. "मीच बोलेन," म्हणाली.

म्हणून कार्यकर्त्या मैत्रिणींना एकच विनंती. देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या दारात बाईच्या वतीने ठरवणारे खूप आहेत. त्या रांगेत आपण उभं राहू नये. तिला माहिती द्यावी, कायदा सांगावा, सोबत जावं. ठरवू तिला द्यावं.