एकच दुःख, दोन भाषा

मंडळी, घरातलं लेकरू गेलं की गाव धावून येतो. शेजारीण भाकरी घेऊन येते, भाऊबंद बसायला येतात. पण दहा-पंधरा दिवसांनी जो तो आपापल्या कामाला लागतो आणि घरात उरतात दोघंच, नवरा आणि बायको. त्यानंतर त्या दोघांत काय घडतं, ते एका कवितेच्या आधाराने आज सांगणार आहे.

कवी अमेरिकेतले, रॉबर्ट फ्रॉस्ट. त्यांनी न्यू हॅम्पशायर राज्यात काही वर्षे शेतीवर राहून काढली. त्यांचा थोरला मुलगा एलियट १९०० साली आजाराने गेला. तो चार वर्षांचाही झाला नव्हता. पुढे १९१४ साली 'नॉर्थ ऑफ बोस्टन' या त्यांच्या संग्रहात 'होम बरिअल' ही कविता आली. होम बरिअल म्हणजे घरच्या आवारातलं दफन.

कवितेतलं जोडपं शेतकरी आहे. बायको जिन्यावर थांबून खिडकीबाहेर पाहते. नवरा विचारतो, नेहमी काय पाहतेस तिथून? ती सांगत नाही. तो स्वतः वर चढून पाहतो, तेव्हा उमगतं. बाहेर घराण्याचं लहानसं दफनस्थान आहे, आणि तिथे त्यांच्या पहिल्या मुलाची माती.

तो खड्डा बापाने स्वतःच्या हाताने खणला होता. उडणारी माती आईने याच खिडकीतून पाहिली. काम आटोपून तो घरात आला, बुटांना माती तशीच, आणि बोलू लागला कशाबद्दल? पावसाने नि धुक्याने लाकडी कुंपण किती लवकर कुजतं, याबद्दल! ते शब्द तिच्या काळजात रुतले. याला काही वाटतच नाही, असं तिने धरलं. त्याला वाटतं, ही आपलं दुःख माझ्यापाशी का बोलत नाही, दुसऱ्याकडे का नेते?

आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची? ज्याने पोटच्या पोराचा खड्डा खणला, त्याला का दुःख नव्हतं? कष्टाने उभं केलेलं चार दिवसांत कुजून जातं, हे तो नुसतं कुंपणाबद्दल बोलत होता का? शेतकऱ्याचं रडणं कधीकधी असं कामाच्या शब्दांतून येतं. पण तिचंही खोटं नाही. तिला जवळ बसून रडणारं माणूस हवं होतं.

कवी निवाडा देत नाही. शेवटी बायको दार उघडून निघते आणि नवरा म्हणतो, जबरदस्तीने परत आणीन. त्या बोलण्यात माया आहे आणि धाकही आहे. धाकाने माणूस परत येईल, मन येत नाही.

गुरुजींनो, तुमच्या गावात असं घर असेल, तर एवढं करा. आईची विचारपूस बाया करतात; दुसऱ्या दिवशी औत धरणाऱ्या बापाचीही करा. आणि त्या दोघांना सांगा, दुसऱ्याच्या दुःखाला आपलं माप लावू नका. आधी विचारा, 'तुझ्या मनात काय होतं?'